बॅटरी जपायची आपण, कामं टाकायची सरकारनं?

पोस्ट थोडी लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा. पटली तर गावच्या ग्रुपवर टाका.

पीक पाहणीचे दिवस आले की आमच्या घनसावंगी तालुक्यात बांधावर भेटलेला माणूस पाऊसपाण्याच्या आधी विचारतो, "बॅटरी किती राहिली?" हसण्यावारी नेऊ नका. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. आपल्या गटात उभं राहून आपणच फोटो काढायचा. नोंद राहिली तर सातबाऱ्यावर पीक दिसत नाही, आणि मग हमीभाव खरेदीपासून नुकसानभरपाईपर्यंत सगळीकडे खेटे सुरू होतात.

शेजारचे काका मला म्हणाले, "घरून निघताना शंभर टक्के होती रे, तिसऱ्या गटाला फोन बंद." यात नवल काही नाही. जीपीएस चालू, कॅमेरा चालू, उन्हात दिसावं म्हणून उजेड फुल्ल, आणि रेंज एक काडी. टॉवर लांब असला की फोन त्याला गाठायला जास्त ताकद लावतो. घरी दिवसभर पुरणारी बॅटरी शेतात दोन तासांत बसते ती यामुळंच.

म्हणून जे मी करतो आणि सगळ्यांना सांगतो ते असं. एका गटातून दुसऱ्यात जाताना फोन एअरप्लेन मोडवर टाका. स्क्रीनचा उजेड कमी करा आणि फोन बघायचा तर झाडाखाली बघा. बॅटरी सेव्हर निघतानाच लावा, दहा टक्क्यांवर आल्यावर लावून उपयोग नाही. सारखे ॲप पुसून बंद करू नका, ते परत उघडायलाच जास्त बॅटरी जाते.

दुसरी गोष्ट उष्णतेची. आताच्या फोनमधली बॅटरी लिथियम-आयन असते, आणि उष्णता तिची वैरी. काही कंपन्या स्वतःच सांगतात की फोन ३५ अंशांच्या आतल्या हवेत वापरा. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये पारा ४० च्या वर असतो! फोन ट्रॅक्टरवर, गाडीच्या काचेमागं, पत्र्याखाली ठेवू नका. चार्जिंगला लावताना कव्हर काढा, उशीखाली तर ठेवूच नका. पूर्ण शून्यावर आणून मग चार्ज करायची सवय जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातली, ती सोडा. शक्यतो २० ते ८० टक्क्यांत ठेवली तर बॅटरी जास्त वर्षं जाते. बॅटरी फुगली तर टोचू नका, दाबू नका, उकिरड्यावर टाकू नका, दुकानात परत द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

आता मुद्द्याचं. २० ते ८० हा सल्ला ज्याच्या घरी हवी तेव्हा लाईट आहे त्याच्यासाठी ठीक. शेतीच्या फीडरवर थ्री-फेज वीज पाळीपाळीनं, कधी दिवसा कधी रात्री. वस्तीवर राहणारा माणूस लाईट आली की शंभर टक्के भरून घेणारच, त्याला दुसरा इलाजच काय?

आणि हे नुसतं शेतकऱ्याचं नाही. रोजगार हमीच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून मोबाईल ॲपवर हजेरी सक्तीची झाली, दिवसातून दोनदा फोटो. दुपारी फोन मेला तर घाम गाळूनही हजेरी अडचणीत. अंगणवाडी ताईंचं आठवा. २०२१ मध्ये राज्यातल्या हजारो सेविकांनी सरकारनं दिलेले फोन परत केले होते. फोन तापतात, अडकतात, दुरुस्तीचा खर्च आमच्याच माथी, हे त्यांचं म्हणणं होतं. बायका चुकीचं बोलत नव्हत्या.

युरोपात २० जून २०२५ पासून नियम आहे की ८०० वेळा पूर्ण चार्ज झाल्यावरही बॅटरीची क्षमता ८० टक्के राहिली पाहिजे. आपल्याकडं केंद्रानं डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, पण पोर्टलनं बांधावरचा फोन चार्ज होत नाही.

माझं म्हणणं एवढंच. राज्याचं काम माणसाच्या खिशातल्या फोनवर चालणार असेल, तर त्या फोनचा खर्चही राज्याच्या हिशोबात धरा. ग्रामपंचायतीत सोलरवर चालणारी चार्जिंगची सोय करा. सेविका, आशा ताई आणि रोजगार हमीच्या मेटला बॅटरी बदलायचे पैसे द्या. ॲप जुन्या फोनवर, कमी रेंजमध्ये चालेल असं बनवा. आणि फोन बंद पडला म्हणून कुणाची हजेरी किंवा नोंद बुडणार नाही, कागदावरची पर्यायी सोय लेखी ठेवा.

पुढच्या ग्रामसभेत हा विषय मी लेखी देणार आहे. तुम्हीही तुमच्या गावात द्या, आणि ठराव झाला की त्याची नक्कल मागून घ्या. तुमच्याकडं काय अवस्था आहे, कमेंटमध्ये गाव-तालुक्यासह लिहा.