भुतांचं पुस्तक आणि आजी



पंचाहत्तरी ओलांडल्यावर मी भुतांचं पुस्तक हातात घेतलं, हे वाचून माझ्या मैत्रिणी हसतील. खुशाल हसू द्या. आधी ते कसं घडलं ते सांगते.

माझी नात चौदा वर्षांची. तिची आई, म्हणजे माझी मुलगी, इथल्या शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून नातीचं इंग्रजीही चांगलं आहे. गेल्या हनुक्काच्या सुट्टीत तिने वाचनालयातून एक जाड इंग्रजी पुस्तक आणलं. मुलीने मागचं कव्हर वाचलं आणि लगेच मला फोन. "आई, यात मेलेली माणसं उठून चालतात म्हणे. हिला रात्री झोप लागायची नाही. तू आधी वाच आणि मला सांग. तू नर्स होतीस, तुला कुठे भीती वाटते!"

नर्सला भीती वाटत नाही असं लोकांना का वाटतं कोण जाणे. आम्हांला फक्त ती दाखवायला वेळ नसतो. असो. नात शुक्रवारी दुपारी पुस्तक घेऊन आली, तोंड फुगवून. मी चष्मा पुसला आणि बसले.

पुस्तकाचं नाव 'सॅब्रियल'. लेखक गार्थ निक्स, ऑस्ट्रेलियाचे. ते १९९५ साली प्रसिद्ध झालं. नंतर त्याच मालिकेत 'लिरेल' आणि 'अ‍ॅबहॉर्सन' आली, मग आणखी तीन, शेवटची कादंबरी २०२१ मध्ये. म्हणजे हे एक पुस्तक नव्हे, हा मोठा संसार आहे. माझ्या वयात एवढं लांबलचक काही सुरू करताना माणूस जरा कॅलेंडरकडे बघतो.

गोष्ट थोडक्यात अशी. एक लांब भिंत आहे. भिंतीच्या दक्षिणेला मोटारी, शाळा, सैनिक, सगळं आपल्यासारखं. साधारण शंभर वर्षांपूर्वीचं इंग्लंड समजा. उत्तरेला जुनं राज्य. तिथे जादू चालते, यंत्रं चालत नाहीत, आणि मेलेले नेहमीच मेलेले राहत नाहीत. मांत्रिक त्यांना उठवतात आणि गुलामासारखं राबवून घेतात. सॅब्रियल ही अठरा वर्षांची मुलगी दक्षिणेकडच्या बोर्डिंगच्या शाळेत शिकते. तिचे वडील उत्तरेत 'अ‍ॅबहॉर्सन' आहेत. हे नाव नव्हे, हुद्दा आहे. त्यांनाही मेलेल्यांची विद्या येते, पण त्यांचं काम उलटं: जे मेले पण गेले नाहीत, त्यांना परत पोचवायचं आणि शांत निजवायचं. एके दिवशी वडिलांची तलवार आणि घंटा सॅब्रियलच्या हाती येतात, वडील मात्र येत नाहीत. मग ती भिंत ओलांडून त्यांना शोधायला निघते.

हे वाचताना मला परकं काहीच वाटलं नाही. लहानपणी सुट्टीत आम्ही रेवदंड्याला आजोळी जात असू. रात्री कंदील बारीक केला की आजी सुरू व्हायची. पिंपळावरचा मुंजा, उलट्या पायांची हडळ, अमावस्येला निघणारी वेताळाची पालखी. गावात भूत उतरवणारा भगत होता. आम्ही इस्राएल लोकांची मुलं, पण भुतं काही जात-धर्म विचारून येत नाहीत असं आमचं पक्कं मत होतं. आजी म्हणायची, "आपल्या दाराला मेझुझा आहे. भूत उंबऱ्यापर्यंत येईल, आत नाही यायचं. शेमा म्हण आणि झोप." आम्ही शेमा दोनदा म्हणायचो आणि तरी पांघरुणातून पाय बाहेर काढत नसू. तेव्हा अ‍ॅबहॉर्सन म्हणजे आमच्या गावचा भगतच, फक्त त्याच्याकडे लिंबू-नारळाऐवजी घंटा.

घंटा सात आहेत. त्या एका पट्ट्यात अडकवून छातीवर बांधायच्या, सर्वांत लहान पहिली, सर्वांत मोठी शेवटी. प्रत्येकीला नाव आणि स्वभाव आहे. पहिली रॅना झोप आणते. तिसरी चालवते, चौथी वाचा देते, पाचवी आठवण आणि विचार परत देते, सहावी बांधून ठेवते. सातवी अ‍ॅस्टरेल, दुःखाची. ती नीट वाजवली तर ऐकणारे सगळे मरणात जातात, वाजवणाराही. दुसरीबद्दल पुढे सांगते, तिने मला फार छळलं.

आणि मरण म्हणजे यात एक नदी आहे. थंड, करडी, जोराची ओढ असलेली. तिला नऊ दारं. नववं ओलांडलं की कोणी परत येत नाही. अ‍ॅबहॉर्सन त्या नदीत उतरतो तेव्हा त्याचं शरीर इकडे जिवंतांच्या जगात उभंच्या उभं राहतं आणि त्यावर बर्फ जमतं. हे वाचून मी पुस्तक मांडीवर उलटं ठेवलं. नाईट ड्यूटीला पहाटे तीन-चारच्या सुमारास शेवटच्या घटका मोजणाऱ्या पेशंटचे पाय हाताला कसे लागतात, ते ज्यांनी धरलेत त्यांना ठाऊक आहे. आधी पाय, मग गुडघे. पाण्यात उतरल्यासारखं.

भीतीदायक भाग आहे, तो लपवत नाही. दलदलीची माती आणि माणसाचं रक्त कालवून केलेला एक राक्षस सॅब्रियलच्या मागे लागतो. मेलेल्यांच्या टोळ्या येतात, त्यांच्यात ओळखीच्या माणसाचं काही उरलेलं नसतं. आठ-नऊ वर्षांच्या मुलांनी हे वाचू नये. पण मला या राक्षसापेक्षा पहिल्या प्रकरणातला ससा जास्त लागला.

शाळेतल्या एका लहान मुलीचा ससा मोटारीखाली सापडतो. ती रडत रडत सॅब्रियलला विनवते. सॅब्रियलला कळतं की हे करायचं नसतं. पण लहान मूल रडतंय. ती मरणात हात घालते आणि ससा परत आणते. एवढंच. पान-दोन पानांची गोष्ट. मला तिथून पुढे जायला चार दिवस लागले.

कारण मीही एकदा ससा परत आणला आहे.

२०१९ च्या उन्हाळ्यात आमच्या ह्यांना घरीच, स्वयंपाकघराच्या दारात, झटका आला. नाडी नाही, श्वास नाही. मी चाळीस वर्षं वॉर्डात काम केलेलं. मुंबईत शिकले, १९७१ साली इथे आल्यावर भाषा येत नव्हती तरी हात चालत होते. तेव्हाही हातच चालले. मी त्यांची छाती दाबत राहिले, अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत, मोजत, मराठीत मोजत. दोन बरगड्या मोडल्या, मला आवाज ऐकू आला. मग त्या मुलांनी शॉक दिला आणि नाडी परत आली. सगळे म्हणाले, शाब्बास, तुम्ही त्यांना वाचवलंत.

ते अकरा दिवस यंत्रावर होते. डोळे एकदाही उघडले नाहीत. इथल्या २००५ च्या कायद्याप्रमाणे सतत चालणारं श्वासाचं यंत्र मध्येच बंद करता येत नाही, हे मला माहीत होतं, मी इतरांच्या नातेवाइकांना ते समजावून सांगितलेलं होतं. आता मी खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला होते. ह्यांनी एकदा मला सांगितलं होतं, "मला नळ्यांमध्ये ठेवू नकोस हं." चहा पिताना सहज सांगितलं होतं. मी हो म्हटलं होतं. बाराव्या दिवशी पहाटे ते गेले.

मी हे कोणाला बोलले नाही. शिवाला लोक आले, ते माझं कौतुक करून गेले. मी मान हलवत होते.

आता ती दुसरी घंटा. तिचं नाव मोझ्रेल, जागवणारी. तिचा स्वभाव असा की ती झुल्याच्या फळीसारखी आहे: मेलेल्याला जीवनाकडे उचलते आणि वाजवणाऱ्याला तेवढंच मरणाकडे ढकलते. लेखकाने हे दोन ओळींत लिहून टाकलंय आणि पुढे गेलाय. मी नाही गेले. मी ते वाक्य किती वेळा वाचलं असेल! ह्यांच्यानंतर दोन वर्षं मी कुठे होते ते मला तेव्हा कळलं. फळीच्या खालच्या टोकाला.

मुलीने मध्येच फोन केला, "झालं का वाचून? आपल्या धर्मात हे चालतं का गं?" तिचा प्रश्न बरोबर होता. मेलेल्यांना विचारायला जाऊ नये असं तोरामध्ये, द्वारीमच्या अठराव्या अध्यायात, स्पष्ट सांगितलं आहे. पण शाऊल राजा गेलाच की! एनदोरला, वेश बदलून, रात्री, दोन माणसं बरोबर घेऊन. ज्याने स्वतः असल्या लोकांना देशातून हाकललं, तोच. समोर पलिष्ट्यांचं सैन्य, देव उत्तर देत नाही, आणि ज्याला विचारायचं तो शमुवेल नबी मेलेला. वर आलेल्या शमुवेलने त्याला पहिली विचारणा काय केली, तर मला उठवून त्रास का दिलास. निजलेल्या माणसाची तक्रार. त्यानंतर राजा जमिनीवर कोसळतो, आणि तीच बाई, जिला सगळे चेटकीण म्हणतात, त्याला आग्रह करून उठवते, घरचं पोसलेलं वासरू कापते, बेखमीर भाकरी भाजते आणि जेवू घालते. मला ती बाई नेहमीच आवडत आली आहे. आजच्या नकाशावर एनदोर नावाचा किबुत्झ ताबोर डोंगराजवळ आहे. आम्ही एकदा बसने त्या बाजूला गेलो होतो, ह्यांनी खिडकीतून दाखवलं होतं.

मी मुलीला म्हटलं, मेलेल्यांना उठवणारे या पुस्तकात दुष्ट आहेत, आणि त्यांना निजवणारी मुलगी नायिका आहे. खेव्रा कदिशाचं काम करणारी म्हण. आणि आपल्या लोकांची गोष्ट तरी कुठून सुरू होते? नवगावला जहाज फुटलं, सात जोडपी वाचली, आणि त्यांनी पहिलं काम केलं ते किनाऱ्याला लागलेल्यांना पुरण्याचं. मुलगी म्हणाली, "बरं बाई, दे तिला."

बाळांनो, ज्यांना पुस्तक वाचायचं आहे त्यांनी हा एक परिच्छेद सोडून द्या, यात शेवटाचं थोडं येतं. सॅब्रियलला वडील सापडतात. पण त्यांना परत जगता येईल ते फक्त शंभर गुणिले शंभर ठोक्यांपुरतं. मी नर्स, मी लगेच हिशेब केला. मिनिटाला बहात्तर धरले तर दोन तास एकोणीस मिनिटं. ह्यांच्या मॉनिटरवर नव्वदच्या आसपास आकडा असायचा. अकरा दिवसांचे चौदा लाखांहून जास्त ठोके झाले. सॅब्रियलचे वडील आपले दहा हजार कशाला वापरतात ते सांगत नाही. पण ते वाचून झाल्यावर मी दिवा बंद करून बराच वेळ बसून राहिले.

नात पुढच्या शुक्रवारी आली. मी तिला पुस्तक परत दिलं आणि तिने ते तीन दिवसांत संपवलं. झोपही छान लागली तिला. आम्ही बटाट्याच्या पॅटिसला सारण भरत बसलो होतो, तेव्हा मी तिला ससा विचारला. सॅब्रियलने तो परत आणला ते बरोबर की चूक?

ती तिच्या अर्ध्या मराठी, अर्ध्या हिब्रूत म्हणाली, "चूक. पण आजी, ती छोटी मुलगी रडायची थांबली ना." मग थोडा वेळ हातातलं पॅटिस वळत राहिली आणि म्हणाली, "आजोबांचं पण तसंच. मामा लंडनहून आला तेव्हा आजोबांचा हात गरम होता. मामा मला सांगतो नेहमी."

मला हे माहीत नव्हतं. माझा मुलगा चौथ्या दिवशी पोचला होता. तो दिवसभर खाटेशी बसून असायचा, बोलायचा नाही. हाताबद्दल मला तो कधी काही बोलला नाही. कदाचित त्यालाही वाटलं असेल की आईला कशाला सांगा.

त्या रात्री मी त्याला लंडनला फोन लावला. काय बोललो ते इथे लिहीत नाही, बराच वेळ बोललो. या वर्षी ह्यांच्या आठवणीच्या दिवशी तो येतो आहे, हश्काबा तोच म्हणवून घेणार.

मालिकेचं दुसरं पुस्तक, 'लिरेल', नातीने आणून ठेवलं आहे. पहिल्यापेक्षा जाड आहे. त्यातली मुलगी बर्फाच्या डोंगरातल्या मोठ्या वाचनालयात काम करते आणि तिच्याबरोबर एक बोलणारा कुत्रा असतो, एवढं मला मागच्या कव्हरावरून कळलं. या खेपेस नातीची अट आहे की आम्ही दोघींनी बरोबर वाचायचं, रोज एक प्रकरण, रात्री फोनवर. ती इंग्रजीतून वाचणार आणि मी तिला मराठीत सांगणार, म्हणजे तिचं मराठीही सुधारेल. काल पहिलं प्रकरण झालं. तिने विचारलं, 'प्रेत' आणि 'भूत' यात फरक काय? मी सांगायला लागले तर तासभर गेला, आणि मुंजापाशी आल्यावर तिच्या आईने फोन हिसकावून घेतला.