पावतीबुक

१९९३ सालची गोष्ट. गणपती बुडवून आम्ही रात्री उशिरा घरी आलो होतो. पहाटे चारच्या सुमाराला फळीवरची भांडी वाजली, जमीन हलली. आम्ही बार्शी तालुक्यातले, हादऱ्यावर निभावलं. किल्लारी, सास्तूरकडं मात्र दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. हजारो माणसं गेली.

चार दिवसांनी गावात जीप आली. तिघं जण, हातात छापील पावतीबुक, वर 'भूकंपग्रस्त मदत'. मी पोतंभर ज्वारी आणि पाचशे एक रुपये दिले. पुढं आमचे गुरुजी सोलापूरला गेले, तेव्हा त्यांनी पावतीवरचा पत्ता शोधला. तिथं तसलं कार्यालयच नव्हतं. पारावर माझी टिंगल झाली.

त्यानंतर दोनच दिवसांनी दारात एक म्हातारी आली. बरोबर सहा-सात वर्षांचा नातू. "बाबा, किल्लारीकडनं आलोय. पोरगं उपाशी हाय, भाकर दे."

मी वसकन अंगावर गेलो. "रोज नवं सोंग येतंय. चल, पुढं हो!"

ती काही बोलली नाही. पोराचा हात धरून निघून गेली. संध्याकाळी कळलं, ती शेजारच्या वाडीला लेकीकडं चालली होती. दोन ल्योक ढिगाऱ्यात गेले होते.

आय म्हणाली, "भामट्यांनी नेलेली ज्वारी पुन्हा पिकंल. उपाशी लेकरू दारातनं गेलं, ते कसं माघारी आणशील?"

दुसऱ्या दिवशी मी ज्वारी घेऊन वाडीवर गेलो. म्हातारीनं पोतं ठेवून घेतलं. माझ्याकडं बघितलं मात्र नाही.

तेव्हा एक गोष्ट शिकलो. भुकेल्याला भाकर द्यायला चौकशी लागत नाही. त्याच्या नावानं पैसा गोळा करणाऱ्याची मात्र करावीच लागते. मी नेमकं उलटं केलं होतं.

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णा-पंचगंगेला महापूर आला. सांगली, शिरोळकडं गावंच्या गावं पाण्यात. पोराच्या मोबाईलवर पुराचा फोटो आला, खाली पैसे पाठवायचा कोड.

"आण्णा, हजार रुपये टाकू का?"

"खातं कुणाचं हाय?"

कुठल्या संस्थेचं नव्हतं, एका माणसाचं होतं. खालच्या नंबरला फोन लावला, तर तो म्हणाला, "लवकर टाका, आजच शेवटचा दिवस." मी म्हणालो, "पुराला कसला आलाय शेवटचा दिवस?" फोन बंद झाला.

मग शिरोळ तालुक्यातल्या पाव्हण्याला फोन केला. तो म्हणाला, "कापडं पाठवू नका, ढीग पडलेत. जनावरं वाचवली, पर वैरण कुजली."

आमच्याकडं त्या साली दुष्काळ. कित्येकांची जनावरं छावणीत होती. तरी मी गंजीतला अर्धा कडबा काढला. गावानं मिळून ट्रक भरला. दोन पोरं बरोबर गेली, पाव्हण्यानं सांगितलेल्या गोठ्यांवर पेंढ्या उतरवून आली. पोराचे हजार रुपये आम्ही बँकेत जाऊन, खातं नीट विचारून, मुख्यमंत्री सहायता निधीत भरले.

ती पावती ट्रंकेत त्या जुन्या पावतीशेजारी ठेवलीय.

आता दारात कुणी भाकर मागितली, तर नाव-गाव विचारतो. पण खाऊन झाल्यावर.