बहात्तर धबधब्यांचें खोरें

मुलांना घेऊन स्वित्झर्लंडला जावयाचें ठरलें तेव्हां घरांत जी चर्चा झाली तिचा वृत्तान्त येथें देत नाहीं. एकत्र कुटुंबांत नांदणाऱ्या वाचकभगिनींना तो न सांगतांहि कळेल. निकाल एवढाच लागला कीं, आम्ही उभयतां, आमची नऊ वर्षांची कन्या, सव्वातीन वर्षांचें बाळ, थोरल्या जाऊबाईंचा बारा वर्षांचा मुलगा आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या सासूबाई अशीं सहा माणसें २०२४ च्या जूनच्या आरंभीं निघालों. जाऊबाईंना रजा मिळाली नाहीं. विमानतळावर त्यांनीं मुलाला कांहीं उपदेश केला नाहीं, मला मात्र बाजूला घेऊन म्हणाल्या, "पाण्याचं तेवढं बघ ग. त्याला भीति म्हणून ठाऊकच नाहीं." दोन वर्षांपूर्वीं आषाढांत एका ओढ्यांत त्याचा पाय घसरला होता, तें त्यांच्या मनांतून अद्याप गेलें नव्हतें. आणि आम्ही चाललों होतों तें नेमकें लाउटरब्रुनेनच्या खोऱ्यांत, जेथें जिकडे पाहावें तिकडे वरून पाणी कोसळत असतें!

हें खोरें बर्न प्रांताच्या दक्षिणेकडील उंच भागांत आहे. इंटरलाकेनहून आगगाडीनें तेथें वीस मिनिटांत पोहोंचतां येतें. वाटेंत त्स्वाइल्युचिनेन नांवाचें लहानसें स्टेशन लागतें. या नांवाचा अर्थच 'दोन ल्युचिना' असा आहे. ग्रिन्डेलवाल्डकडून येणारी काळी ल्युचिना आणि आमच्या खोऱ्यांतून येणारी पांढरी ल्युचिना यांचा येथें संगम होतो. आणि मौज अशी कीं, आगगाडीचेहि येथेंच दोन तुकडे होऊन एकेक तुकडा एकेका नदीच्या खोऱ्यांत शिरतो. आपण कोणत्या डब्यांत बसलों आहों हें आधीं पाहून घ्यावें. आम्हीं पाहिलें नव्हतें. त्यामुळें सासूबाई, बाळ व पांच नग सामान यांसह फलाटावरून जी धांवपळ करावी लागली ती सासूबाई अजून सव्याज ऐकवितात.

पांढरी ल्युचिना ही खरोखरच पांढरी आहे. पण दुधासारखी नव्हे, तांदुळाच्या धुवणासारखी. हिमनदी डोंगरावरून सरकत असतां आपल्या खालचा खडक दळीत येते, आणि तें दगडाचें पीठ पाण्यांत मिसळून त्याला हा रंग येतो. हें 'ह्यांनीं' मुलांना समजावून सांगितलें, तेव्हां सासूबाई खिडकींतून पाहत म्हणाल्या, "म्हणजे तिथं जातं चालूं आहे म्हणा कीं!" याहून सोपें करून मला सांगतां आलें नसतें.

स्टेशनाबाहेर आलों आणि सगळींच माणसें क्षणभर गप्प झालीं. गांव सुमारें आठशें मीटर उंचीवर, अगदीं सपाट हिरव्या तळावर वसलेलें आहे. लांकडी घरें, त्यांच्या खिडक्यांत तांबडीं फुलें, गळ्यांत घंटा बांधलेल्या गाई; हें सर्व चित्रांत पाहिलेलें असतें. जें चित्रांत मावत नाहीं तें म्हणजे दोहों बाजूंच्या भिंती. डोंगर हळूहळू चढत गेलेला नाहीं. कुरणाच्या कडेपासून कातळ सरळ उभा आहे, कोठें कोठें तीनशें मीटरांहून उंच. त्या कड्यांच्या माथ्यावरून ठिकठिकाणीं पाण्याच्या पांढऱ्या दोऱ्या लोंबत आहेत. आणि खोऱ्याच्या वरच्या अंगाला ढगांच्याहि वर बर्फाचे डोंगर. युंगफ्राऊ हें त्यांतील मुख्य शिखर ४,१५८ मीटर उंच आहे.

या रचनेचें कारण मोठें चमत्कारिक आहे. हिमयुगांत मुख्य खोऱ्यांतून जी प्रचंड हिमनदी वाहत होती तिनें तळ खोल खोदला व कडा सरळ तासल्या. बाजूच्या लहान हिमनद्यांच्या अंगीं तेवढें बळ नव्हतें. त्यांचीं खोरीं वरच राहिलीं. बर्फ वितळून गेल्यावर तीं लहान खोरीं जशीं कांहीं अधांतरीं टांगलेलीं राहिलीं, आणि त्यांतील ओढ्यांना खालीं यावयाचें तर उडी टाकण्यावांचून गत्यंतर उरलें नाहीं. या खोऱ्यांत असे ७२ धबधबे आहेत असें तेथें सांगतात. स्वित्झर्लंडमधील सर्वांत उंच धबधबा, ४१७ मीटरांचा म्युरेनबाख, यांतलाच. कन्येनें ताबडतोब वही काढली. मोजून खात्री केल्याशिवाय तिचा कोणत्याहि आंकड्यावर विश्वास बसत नाहीं. हा गुण तिच्या वडिलांकडचा.

आम्हां सह्याद्रीच्या माणसांना धबधबा म्हणजे पावसाळा. आंबोलीला आषाढांत जो कडा गर्जत असतो तोच माघांत कोरडा ठणठणीत पडतो, हें मुलांनीं पाहिलेलें होतें. येथें उलट. लख्ख ऊन पडलें होतें, आकाशांत पावसाचें चिन्ह नव्हतें, आणि धबधबे भरभरून वाहत होते. हिंवाळ्यांत वर पाणी गोठून बसतें आणि हे धबधबे रोडावतात. ऊन तापूं लागलें कीं ते भरतात. "म्हणजे इथं ऊन हाच पाऊस," असें पुतण्यानें मनाशींच म्हटलें. पाऊस पडला कीं ओढे आणखी फुगतात तें निराळें.

गांवालगतच श्टाउबबाख हा धबधबा आहे. उंची २९७ मीटर. 'श्टाउब' म्हणजे धूळ. आणि हा धबधबा खरोखर धुळीचाच आहे. कड्यावरून सुटलेलें पाणी जमिनीवर पोहोंचण्यापूर्वींच वाऱ्यानें विस्कटतें, डोलतें, एखाद्या वेळीं सगळेंच्या सगळें बाजूला उडून जातें. जर्मन महाकवि गटे १७७९ सालीं येथें आला होता. जळावरील आत्म्यांच्या गीताची त्याची प्रसिद्ध कविता या दर्शनांतूनच निघाली. १८१६ सालीं बायरन आला, त्याला यांत घोड्याचें शेपूट दिसलें. उन्हाळ्यांत धबधब्याच्या पाठीमागें कातळांत खोदलेल्या वाटेनें जातां येतें. जिना उभा आहे व वाट ओली असते, म्हणून सासूबाई खालींच बांकावर बसल्या. मी पुतण्याचें मनगट धरून गेलें आणि धरूनच परत आलें. त्याला तें आवडलें नाहीं. टॉल्किन या इंग्रज लेखकाच्या कादंबऱ्या त्यानें वाचल्या आहेत, आणि तो लेखक १९११ सालीं तरुणपणीं या खोऱ्यांतून पायीं हिंडला, त्यावरूनच त्यानें पुढें आपल्या कथेंतील रिव्हेन्डेल रचलें असें म्हणतात, हें त्यानें घरीं असतांनाच शोधून ठेवलें होतें. अशा ठिकाणीं काकूनें मनगट धरून चालविलेला वीर कोणाला व्हावेंसें वाटेल?

दुसऱ्या दिवशीं ट्र्युमेलबाखला गेलों. गांवापासून हा तीनएक किलोमीटर. मोटारीनें जातां येतें, पण सपाट वाट असल्यामुळें आम्ही नदीच्या कांठानें चालत गेलों. हा धबधबा डोंगरावरून पडत नाहीं, डोंगराच्या पोटांतून पडतो. आयगर, म्योन्ख व युंगफ्राऊ या तीन शिखरांच्या हिमनद्यांचें पाणी या एका वाटेनें उतरतें. भर उन्हाळ्यांत सेकंदाला २०,००० लिटरपर्यंत पाणी आणि वर्षाकांठीं सुमारें २०,००० टन दगडगोटे तें बरोबर आणतें. त्यानें कातळ कोरून आंतल्याआंत दहा धबधबे केले आहेत. १९१३ सालीं तेथें बोगद्यांतून चढणारी लिफ्ट बसविली. ती मध्यापर्यंत नेते, पुढें पायऱ्यांनीं वरखालीं हिंडावयाचें. चार वर्षांखालील मुलांना आंत नेत नाहींत, हें दारावर गेल्यावर कळलें. मी थांबावें असें मीं म्हटलें, पण सासूबाईंनीं बाळाचा हात धरला व म्हणाल्या, "तुम्ही जा. पाणी पाहायला मला डोंगरांत शिरायला नको."

आंत थंडी एकदम अंगावर आली. दिव्यांच्या उजेडांत कातळ ओला चकाकत होता, आणि पाण्याचा आवाज म्हणावा तर तो कानांनीं ऐकूं येत नव्हता, छातींत होत होता. एका ठिकाणीं पाणी मळसूत्राप्रमाणें पिळवटत खालीं जातें. तें पाहत असतां कन्येच्या अंगरख्याची टोपी वाऱ्यानें उडाली, म्हणून ती बांधावयास मी वांकलें. दहा सेकंद लागले असतील. वर पाहतें तों पुतण्या नाहीं.

मीं हांक मारली. माझी हांक मला स्वतःला ऐकूं आली नाहीं. एवढ्या मोठ्यानें मी आयुष्यांत कधीं ओरडलें नसेन. पण तोंड उघडलें आणि मिटलें, एवढेंच झालें. 'हे' कन्येला घेऊन खालच्या बाजूस गेले, मी वर निघालें. पायऱ्या ओल्या, समोरून माणसें उतरत होतीं. प्रत्येकाला हातांनीं खांद्याएवढी उंची दाखवून विचारीत होतें. कठडे मजबूत आहेत हें मला दिसत होतें. तरी प्रत्येक वळणावर मीं आधीं खालीं, पाण्यांत पाहिलें. मनांत जाऊबाईंचें तें एकच वाक्य. स्वतःचें मूल हरवलें तर आई रडूं तरी शकते; दुसरीनें विश्वासानें सोंपविलेलें मूल दिसेनासें झालें म्हणजे रडण्याचाहि अधिकार आपल्याला नाहीं असें वाटतें.

तो अगदीं वरच्या धबधब्यापाशीं होता. कठड्याला दोन्ही हात लावून, डोळे मिटून उभा. मीं त्याला खांद्याला धरून वळविलें आणि एक थोबाडींत मारली. माझ्या हातून त्याला कधींच मार बसला नव्हता. तो रडला नाहीं. माझ्याकडे गोंधळून पाहिलें, कांहीं बोलला, तें ऐकूं आलें नाहीं. मग त्यानें ज्या हातानें मीं मारलें होतें तोच धरून कठड्यावर ठेवला. लोखंड थरथरत होतें. त्यानें माझा हात पुढें ओढून ओल्या कातळावर ठेवला. तोहि थरथरत होता. सबंध डोंगर आंतून कांपत होता. तसेच आम्ही बराच वेळ उभीं होतों. उतरतांना त्याचें मनगट मीं धरलें नाहीं; त्यानेंच माझा हात धरला होता.

खालीं बाहेरच्या उन्हांत सासूबाईंची कथा रंगांत आली होती. भगीरथ, गंगा, शंकराच्या जटा, सगळें झालें होतें. आणि बाळाचा प्रश्न होता कीं, शंकराला थंडी वाजली नाहीं का? सासूबाईंनीं एकदां माझ्या तोंडाकडे, एकदां नातवाच्या लाल गालाकडे पाहिलें. विचारलें कांहींच नाहीं. डबा उघडून पहिली दशमी त्याच्या हातावर ठेवली.

गांवीं परततांना कन्येनें मध्येंच विचारलें, "आणि वरचं बर्फ संपलं म्हणजे?" 'ह्यांनीं' खरें तें सांगितलें. २०२२ व २०२३ या दोनच वर्षांत स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांचा सुमारें एकदशांश बर्फ वितळून गेला. आज उन्हाबरोबर जें पाणी भरभरून येतें त्यांत वर्षाच्या मिळकतीबरोबर थोडी मुद्दलहि असते. हिमनद्या आटल्या तरी हिंवाळ्यांतला बर्फ आणि पाऊस यांवर धबधबे वाहतील. पण ट्र्युमेलबाखची भर उन्हाळ्यांतली ती गर्जना तशीच राहील असें कोणी सांगूं शकत नाहीं. मुलगी बराच वेळ वहींत पाहत चालली.

त्या रात्रीं जेवावयास रोश्टी घेतली. किसलेल्या बटाट्याचें तव्यावर खरपूस भाजलेलें थालीपीठच म्हणाना. शाकाहारी माणसानें चिंता करूं नये, मात्र किंमतीचे रुपये करून पाहूं नयेत. जेवणाआधीं, सहाच्या सुमारास, म्हणजे पुण्याच्या साडेनवांस, जाऊबाईंना फोन लावला. पुतण्यानें त्यांना सारें वर्णन केलें. सेकंदाला किती लिटर तेंहि सांगितलें. थोबाडींत बसल्याचें सांगितलें नाहीं. मग फोन मीं घेतला, आणि आंतल्या खोलींत जाऊन सगळें सांगितलें. तो दिसेनासा झाला तें, मीं मारलें तें, आणि कठड्याचेंहि. जाऊबाई क्षणभर बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "मी असतें तर दोन मारल्या असत्या. पण कठड्याला हात लावायला थांबलें नसतें."

तिसऱ्या दिवशीं सकाळीं निघालों. कन्येची मोजणी एकोणिसावर अडली होती. ७२ कोठें आहेत म्हणून ती हिरमुसली. कांहीं ओढे पावसानंतरच दिसतात हें तिला पटत नव्हतें. स्टेशनाच्या वाटेवर लांकडी डोणींत सतत पडणारें पिण्याच्या पाण्याचें एक कारंजें आहे. या गांवाच्या नांवांतील 'ब्रुनेन' म्हणजे असेच झरे आणि कारंजीं. बाळ तेथें थांबलें, डोणींत हात घातला आणि जाहीर केलें, "हा माझा धबधबा." बहिणीनें नाहीं म्हटलें. तें डोणीला धरून बसलें. गाडीला सात मिनिटें होतीं, सासूबाई पुढें निघाल्या होत्या. शेवटीं पुतण्यानें वही घेतली, नळाच्या तोटीपासून डोणीपर्यंतची उंची वितीनें मोजली, आणि विसावा धबधबा, उंची दोन विती, असें लिहून दिलें.