बंदूक विमानाने जाते तेव्हा

नागपूरला आलेल्या माणसाला पहिला प्रश्न विचारतात तो "पुढे कुठे?" असा. गाव देशाच्या मध्यावर वसलेले. चहूकडच्या वाटा इथे येऊन भेटायच्याच. रेल्वेने ते केले, आणि सोनेगावच्या विमानतळाने त्यावर कडी केली. १९४९ पासून १९७३ पर्यंत मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून टपालाची विमाने रात्री निघत, मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावला एकत्र येत, थैल्यांची आणि उतारूंची अदलाबदल करीत आणि आपापल्या गावी परतत. दिल्लीचे पत्र मद्रासला सकाळी पोचे, ते नागपूरकरांच्या झोपेच्या वेळी झालेल्या या खटाटोपामुळे.

त्या काळी नागपूर हे शिकाऱ्यांचेही नाके होते. चांद्याच्या आणि मंडल्याच्या जंगलांत शिकार घडवून आणणारी अॅल्विन कूपर ही कंपनी इथलीच. परदेशचे हौशी पाहुणे येत, आणि त्यांच्याबरोबर बंदुकांच्या लांबट पेट्या. पुढे १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि तो सगळा थाट मोडला. लांबट पेटी मात्र गेली नाही. ती आता नेमबाज मुलामुलींच्या हाती दिसते. २०२४ साली पॅरिसला स्वप्नील कुसाळेने पन्नास मीटर रायफलमध्ये कांस्यपदक आणले, तेव्हापासून तर ती अधिकच दिसू लागली आहे.

अशीच एक पेटी घेऊन माझी भाची गेल्या हिवाळ्यात दिल्लीला निघाली. तुघलकाबादच्या कर्णी सिंग रेंजवर तिची स्पर्धा होती. सोबतीला मी. बंदूक विमानातून नेता येते, हेच मला मुळी ठाऊक नव्हते.

नेता येते, पण आपल्याजवळ नाही. विमानाच्या पोटात, सामानाबरोबर. याचे कारण जुने आहे. जानेवारी १९७१ मध्ये श्रीनगरहून जम्मूला निघालेले 'गंगा' नावाचे विमान दोघा तरुणांनी लाहोरला पळवले. त्यांच्या हातातले पिस्तूल खोटे होते आणि हातबाँबही खोटा. म्हणून आज पोराच्या खेळण्यातली बंदूकसुद्धा आत नेऊ देत नाहीत. खरी असो की खोटी, पाहणाऱ्याची भीती तेवढीच खरी.

आदल्या रात्री भाचीने जमिनीवर चादर अंथरली आणि रायफल उघडली. नळी रिकामी, बोल्ट वेगळा, पेटीला कुलूप. काडतुसे निराळ्या खोक्यात, मोजून, कागदावर आकडा लिहून. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे एका उतारूला वेष्टनासकट पाच किलोपर्यंत काडतुसे नेता येतात. आपल्याकडच्या कंपन्यांची मर्यादा याहून कडक असू शकते, म्हणून तिने आठवडाभर आधीच विचारून ठेवले होते. मूळ परवाना तर हवाच, आणि त्यावर तो कोणत्या प्रदेशात चालतो तेही पाहावे लागते. महाराष्ट्रापुरता परवाना दिल्लीत कागद ठरतो.

मी म्हटले, "दिवाळीची फुलबाजी मात्र नेऊ देत नाहीत, आणि काडतुसे चालतात?"

"मामा, फुलबाजी पेटली की आसपासचे पेटवते. हे काडतूस चुकून पेटले तरी त्याचा जोर खोक्यातच विरतो. तशी परीक्षा झालेलीच काडतुसे नेता येतात."

हा धडा मला नागपुरातच मिळावा हे योग्यच होते. फटाक्यांपासून पेट्रोलपर्यंत साऱ्या देशाच्या स्फोटक मालावर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचे मुख्यालय आमच्याच गावात आहे!

मग तिने माझी हातातली बॅग उलटी केली, कप्पे चाचपले. "अहो, ही माझी जुनी बॅग आहे. रेंजवर जायची." कप्प्यातून एक पेन्सिल आणि संत्र्याची वाळलेली साल निघाली. मला ही तपासणी जरा अतीच वाटली.

सोनेगावला खिडकीपाशी तिने आधी "सामानात रायफल आहे" हे सांगितले, मग तिकीट पुढे केले. बाजूला नेऊन पेटी उघडली गेली. अधिकाऱ्याने नळीतून उजेड पाहिला, रायफलवरचा क्रमांक परवान्याशी ताडला, बंदूक रिकामी असल्याच्या कागदावर तिची सही घेतली. अर्धा तास गेला. एक शब्द चढला नाही.

गडबड झाली ती पुढे, अंगझडतीच्या रांगेत. आमच्यापुढे काटोलकडचे एक वयस्क शेतकरी होते, मुलाकडे पहिल्यांदाच विमानाने निघालेले. त्यांची पिशवी यंत्रातून परत फिरली. तळाशी शिवणीत एक काडतूस निघाले.

"साहेब, बंदूक घरी हाय. लायसनची हाय. वावरात डुकरं येतात. हे पिशवीत कसं राह्यलं, मले मालूम नाही." म्हातारबांचा हात थरथरत होता. अधिकारी सभ्यपणे बोलला, पण पोलिसांना बोलावणे त्याला भाग होते. जवळ काडतूस आहे याची जाणीवच नसेल तर तो शस्त्रकायद्याने गुन्हा मानता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच सांगितले आहे. परंतु ते न्यायालयातले. तिथवर पोचेपर्यंत विमान जाते, दिवस जातो आणि पंचनाम्यावर नाव चढते.

भाचीने त्यांना बाकावर बसवले, पाणी दिले, मुलाला फोन लावून दिला. "परवान्याचा फोटो लगेच पाठवायला सांगा, बाबा," एवढे ती बोलली. आमच्या विमानाची हाक आली तेव्हा ते तिथेच बसले होते. पिशवी टेबलावर, काडतूस कागदावर.

दिल्लीला रायफलची पेटी इतर सामानाबरोबर पट्ट्यावर आली नाही. परवाना पाहून ती हातात दिली गेली. बाहेर पडण्याआधी भाचीने तिथेच खोके उघडले आणि एकेक काडतूस मोजले. मी घाई केली नाही. आकडा जुळला, तेव्हा आम्ही टॅक्सी बघायला निघालो.