यवतमाळच्या कुंडीतले जिरेनियम

यवतमाळात जिरेनियम हे हिवाळ्याचे फूल आहे. दिवाळीनंतर हवेत गारवा उतरला की त्याच्या गोल पानांवरचा तपकिरी पट्टा गडद होतो, लांब दांड्यांवर कळ्यांचे झुबके धरतात आणि लाल, गुलाबी, केशरी, पांढरी फुले होळीपर्यंत कुंडी भरून ठेवतात. त्यानंतरचे दोन ऋतू मात्र झाडाच्या जिवावर बेततात. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि मृगापासून चार महिने हवा दमट राहते. त्यामुळे इथे जिरेनियम फुलवण्यापेक्षा ते पुढच्या हिवाळ्यापर्यंत तगवणे हेच खरे कसब आहे.

रोपवाटिकेत जिरेनियम म्हणून मिळणारी झाडे वनस्पतिशास्त्रात पेलार्गोनियम प्रजातीत मोडतात. लिनियसने ती जिरेनियममध्ये घातली होती. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लेरितिए याने १७८९ मध्ये त्यांचा वेगळा गट केला, पण बाजारात जुने नाव टिकून राहिले. त्यांचे मूळ घर दक्षिण आफ्रिका. त्यांच्या जाड, रसाळ खोडात पाणी साठून राहते, म्हणून चार दिवसांचा कोरडेपणा झाड सहज सोसते. मुळाशी पाणी साचलेले मात्र त्याला खपत नाही. पुढची सगळी निगा या एका स्वभावावर बेतलेली आहे.

घरी फुलांसाठी लावायचे तर पट्टेदार पानांचा झोनल प्रकार सर्वांत भरवशाचा. वेलासारखा लोंबणारा, आयव्हीसारख्या पानांचा प्रकार टांगत्या कुंडीत शोभतो, पण ऊन कमी सोसतो. मोठ्या, ठिपकेदार फुलांच्या रीगल प्रकाराला कळी धरण्यासाठी थंड रात्रींचा मोठा पल्ला लागतो. तो डोंगराळ गावांतच रमतो. चौथा प्रकार सुगंधी पानांचा. त्याची फुले बारीक, पण पान चुरडले की गुलाबाचा वास येतो. याच जातीच्या पाल्यापासून अत्तरांसाठी तेल काढतात. विसाव्या शतकाच्या आरंभी तमिळनाडूतील येरकाडला तिची लागवड सुरू झाली आणि अलीकडे महाराष्ट्रातही काही शेतकरी ती शेतात घेतात. टनभर पाल्यातून जेमतेम किलोभर तेल हाती येते. उन्हाला हा प्रकार झोनलपेक्षा काटक असल्याने नवख्याने याच्यापासून सुरुवात करायला हरकत नाही.

माती हा या जिल्ह्यातला कळीचा प्रश्न. कपाशीला मानवणारी काळी कसदार माती कुंडीत घट्ट बसते, ओली असताना चिकटते आणि वाळली की कडेने फाटते. शिवाय ती अल्कधर्मी असल्याने झाडाला लोह मिळत नाही. मग कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. म्हणून काळी माती एक भाग, जाडी वाळू एक भाग आणि कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत एक भाग असे मिश्रण करावे, त्यात मूठभर निंबोळी पेंड घालावी. चुलीची किंवा पऱ्हाटीची राख घालण्याची सवय या झाडापुरती सोडावी, कारण राखेने अल्कता आणखी वाढते. पाने पिवळी पडू लागली तर कृषी केंद्रात मिळणारे चिलेटेड लोह पुडीवर दिलेल्या प्रमाणात फवारावे.

कुंडी मातीचीच बरी, आठ इंचांची. मोठ्या कुंडीत मुळे पसरतात आणि फुले लांबतात. वरची इंचभर माती बोटाला कोरडी लागल्यावरच पाणी द्यावे, तेही पानांवर न उडवता. बोअरच्या जड पाण्याने कुंडीच्या काठावर पांढरा थर चढतो; असा थर दिसला की पावसाचे साठवलेले पाणी देऊन माती धुवून घ्यावी. कूलरच्या टाकीत उरलेले पाणी तर देऊच नये. बाष्पीभवनाने त्यात क्षार दाटलेले असतात.

हिवाळ्यात झाडाला दिवसाचे पाच-सहा तास ऊन हवे. दर पंधरा दिवसांनी १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम या प्रमाणात पुरते. युरियाने पाला माजतो, कळी धरत नाही. रोप वीतभर झाले की शेंडा खुडावा म्हणजे फुटवे येतात. झुबका सुकला की दांडी बुडाशी धरून बाजूला मोडावी. ती सांध्यातून अलगद सुटते आणि झाडाची ताकद नव्या कळीकडे जाते.

कपाशीवरची पांढरी माशी, मावा आणि पिठ्या ढेकूण हे शत्रू इथे शेतातून अंगणात येतात. कुंड्यांभोवती गाजरगवत राहू देऊ नये, कारण पिठ्या ढेकूण त्यावर पोसतो. ५० ग्रॅम निंबोळी चूर्ण लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, चिमूटभर साबण घालून फवारले की बहुतेक कीड आटोक्यात येते. घरात शेताची कीटकनाशके पडून असतात म्हणून ती कुंडीवर कधीही वापरू नयेत. २०१७ मध्ये याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. चार फुलांसाठी ते विष घराच्या ओसरीत आणण्यात शहाणपण नाही.

मार्च संपताना कळ्या खुडून खत थांबवावे आणि कुंडी पूर्वेच्या ओसरीत किंवा हिरव्या जाळीखाली न्यावी. नऊनंतरचे ऊन तिच्यावर पडता कामा नये. मोठ्या कुंडीत ओली वाळू भरून त्यात लहान कुंडी बसवली की मुळे गार राहतात. मेअखेरच्या नवतपात झाड दुपारी मान टाकते. अशा वेळी घाबरून पाणी ओतण्याआधी मातीत बोट घालून पाहावे. ओल असेल तर झाडाला सावली हवी आहे, पाणी नव्हे. तापलेल्या ओल्या मातीत मुळे सडतात. सायंकाळी झाड आपोआप सावरते.

पावसाळ्यात कुंडी छपराखाली, पण उजेडात आणि वाऱ्यावर ठेवावी. खोडाचा मातीलगतचा भाग काळा, मऊ पडून तो काळेपणा वर चढू लागला, तर ते खोड वाचत नाही. वरचा हिरवा, निरोगी शेंडा स्वच्छ पात्याने कापून घ्यावा, बाकी झाड मातीसकट फेकावे आणि कुंडी उकळत्या पाण्याने धुवावी.

या सगळ्यावरचा विमा म्हणजे छाटकलम. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या अखेरीस, न फुललेल्या फांदीचा चार बोटे लांबीचा शेंडा डोळ्याच्या किंचित खाली कापावा. वरची दोन-तीन पाने ठेवून बाकीची, बुडाच्या खवल्यांसह काढावीत. मग तो लगेच न लावता अर्धा दिवस सावलीत ठेवावा. कापलेले टोक कोरडे होऊन त्यावर पातळ कातडी धरते आणि कुजीला वाट राहत नाही. वाळू आणि कोकोपीट समभाग घेऊन त्यात कलम खोचावे आणि बेताची ओल राखावी. इतर कलमांसारखे यावर प्लॅस्टिक झाकू नये, नाही तर ते काळे पडते. तीन-चार आठवड्यांत मुळे धरतात. फेब्रुवारीत आणखी चार-सहा कलमे करावीत. ही लहान रोपे उन्हाळ्यात सावलीला हलवायला सोपी जातात.

जुने झाड दोन-तीन वर्षांत लाकडी होते, फुले कमी देते. ते जपत बसण्यात अर्थ नाही. दरवर्षी नवी कलमे करावीत आणि त्यांतली दोन शेजारच्या घरी द्यावीत. एका घरचे झाड उन्हाळ्यात गेले तरी दुसरीकडून वाण परत मिळतो.