मनीचं शेवटचं बाळंतपण

आमची मनी घरात आली ती पावसात भिजून, आणि राहिली ती सासूबाईंच्या दुधाच्या वाटीमुळे. दीड वर्षात तिची तीन बाळंतपणं मी काढली. पहिलं चादरींच्या कपाटात, दुसरं माळ्यावरच्या परातीत आणि तिसरं तर ह्यांच्या इस्त्रीच्या शर्टांवर! मांजरीचे दिवस जेमतेम दोन महिन्यांत भरतात आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं?

पहिली पिल्लं लोकांनी हौसेनं नेली. दुसऱ्या खेपेला मात्र मैत्रिणी मला टाळू लागल्या. उरलेली दोन मी टोपलीत घालून मंडईत मासळीच्या कट्ट्याजवळ ठेवून आले. पोटाला तरी मिळेल, ही आपली मनाची समजूत! घरी येते तो मनी रिकाम्या परातीपाशी ओरडतेय. तीन रात्री ओरडत होती. चौथ्या दिवशी मंडईत जाऊन पाहिलं. एकही पिल्लू दिसलं नाही. हे लिहितानाही हात अडखळतो.

तिसऱ्या खेपेला मी ऑपरेशनचं काढलं, तशा सासूबाई रागावल्या. "मुक्या जिवाचं आईपण काढून घेतेस?" मी गप्प बसले; पण डॉक्टरांना विचारून आले. पिल्लांचं दूध तुटलं की आणा, म्हणाले. खरं तर पहिल्यांदा माजावर येण्याआधीच हे केलेलं उत्तम; पुढे स्तनांच्या गाठींची भीती बरीच कमी होते. एकदा तरी व्यायला हवी, ही नुसती समजूत. कुत्रीचंही तसंच. उतारवयात तिच्या गर्भाशयात पू होतो आणि जिवावर बेततं, ते टळतं. बोक्याचं ऑपरेशन तर अगदी लहान. त्याची मारामारी नि घरभर घाण वासाची फवारणी कमी होते.

आदल्या रात्रीपासून खायला द्यायचं नव्हतं. भुलेत उलटी झाली तर ती श्वासनळीत जाते. आणि सासूबाईंनी पहाटे गुपचूप दूध पाजलं! तारीख पुढे गेली. मी चिडले, नको ते बोलले. त्या बराच वेळ लसूण सोलत बसल्या. मग म्हणाल्या, "मला सात झाली. चार राहिली. मला कुणी विचारलं नव्हतं गं." आणि उठून मनीच्या अंथरुणासाठी आपलं जुनं मऊ लुगडं काढून दिलं.

ऑपरेशन झालं. संध्याकाळी मनी झिंगतच घरी आली. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात कॉलर घालून दहा दिवस सांभाळलं. वाचकभगिनींनी एक मात्र ध्यानात ठेवावं: दुखत असेल म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नये, ती तिला विषासारखी बाधते. नंतर भूक वाढते, तेव्हा खाणं जरा बेतानंच घालावं. आमची मनी थोडी गोल झालीच!

तिच्या तीन पिल्लांपैकी दोघांना घरं मिळाली. चिंगी आमच्याकडेच राहिली. ती आता पाच महिन्यांची होईल. उद्या सकाळी तिला दवाखान्यात न्यायचंय. आताच स्वयंपाकघरात डोकावले, तर सासूबाईंनी दुधाची वाटी धुऊन फडताळावर अगदी वर पालथी घातलीय.