यंत्राचा कान

माणसाला कान दोन, तरी तो ऐकतो कमीच. मोटारीच्या इंजिनाला कान पुष्कळदा एकच असतो. पण तो जागा असेपर्यंत इंजिनाला काळजी नसते.

या कानाला नॉक सेन्सर म्हणतात. लिंबाएवढी वस्तू, इंजिनाच्या अंगाला बोल्टने आवळलेली. तिच्या पोटात असा पदार्थ असतो, की तो दाबला वा हादरला की वीज निर्माण होते. स्फटिकांचा हा गुण झाक आणि प्येर क्यूरी या बंधूंनी १८८० साली दाखवून दिला. ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच सिलिंडरमधले उरलेले मिश्रण आपणहून भडकले, की इंजिनात खटखट उठते. सेकंदाला साधारण ६-७ हजार कंपने. सेन्सर ती टिपतो, कॉम्प्युटरला कळवतो, आणि कॉम्प्युटर पुढची ठिणगी किंचित उशिरा पाडतो.

पूर्वी हे काम मिस्त्रीचा कान करी. आमचे मिस्त्री त्याच पिढीतले. खटखट ऐकायची आणि डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवायचा, की इंजिन शांत! पण चाळीस वर्षे गोंगाटात काढून त्यांचे कान गेले. बारीक आवाज आता ऐकू येत नाहीत. गिऱ्हाइकेही पांगली.

गेल्या पावसाळ्यात खंबाटकीच्या घाटात माझी मोटार दमेकऱ्यासारखी चढू लागली. इंजिनाचा दिवाही लागला. एका मोठ्या वर्कशॉपात स्कॅनरने पी ०३२५ हा कोड दाखवला, आणि “सेन्सर बदला” असा निकाल मिळाला. मी गाडी मिस्त्रींकडे नेली.

“कोडाचा अर्थ काय रे?” त्यांनी पुतण्याला विचारले.

“नॉक सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष,” तो त्यांच्या कानाशी ओरडला.

“सर्किटमध्ये ना? मग सेन्सरलाच फाशी कशाला?”

पुतण्याने सेन्सरला मीटर जोडला. मिस्त्रींनी सेन्सरजवळ इंजिनावर पान्याने हलकेच टकटक केली. ती त्यांना ऐकू आली नसावी. त्यांची नजर मीटरवर होती. प्रत्येक ठोक्यासरशी आकडा उसळत होता.

“कान जिवंत आहे!” ते म्हणाले.

मग कॉम्प्युटरपर्यंतची वायर बोटांनी चाचपत ते गेले आणि मध्येच थांबले. उंदराने ती कुरतडली होती. वीतभर नवी वायर घातली, दिवा विझला.

“पण एवढ्याशा वायरीने घाटात दम का लागावा?” मी मोठ्याने विचारले.

“ऐकू येईनासं झालं की माणूस भीत भीत वागतो, साहेब. कॉम्प्युटरचंही तेच. खटखट होते की नाही हेच त्याला कळत नाही. म्हणून तो ठिणगी उशिराच पाडतो. इंजिन वाचतं, पण जोर जातो.”

एवढे बोलून ते पाना पुसू लागले. ते स्वतःविषयी बोलले की गाडीविषयी, हे विचारण्याचा मला धीर झाला नाही.

स्कॅनरला मी नावे ठेवणार नाही. तो आपल्याला योग्य गल्लीत नेऊन सोडतो. घर मात्र आपले आपणच शोधायचे असते. कुठे टकटक करायची आणि कुठे पाहायचे हे ठाऊक असलेला माणूस कान गेल्यावरही इंजिनाचे म्हणणे ऐकू शकतो. अशा माणसाला, बदलायच्या भागांच्या यादीत घालण्याची घाई आपण करू नये.